नवऱ्याचं लफडं आणि शिव्या मात्र 'तिला': या मालिका नेमकं काय शिकवतात?

तिरफळ (धागाकर्ती)

आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर तो फॉरवर्ड पुन्हा फिरतोय. विवाहबाह्य संबंधांच्या मालिकांमुळे कुटुंबसंस्था खिळखिळी झाली, बायका बिघडल्या, सरकारने बंदी आणावी, आणि खाली हात जोडलेले इमोजी. ज्या काकांनी तो पाठवला त्यांच्याच घरातून संध्याकाळी मालिकेचं शीर्षकगीत जिन्यापर्यंत ऐकू येतं, ते जाऊ दे. मला त्या म्हणण्याबद्दलच बोलायचंय.

उजळणी करायची तर 'माझ्या नवऱ्याची बायको' झी मराठीवर ऑगस्ट २०१६ मध्ये सुरू झाली आणि मार्च २०२१ पर्यंत चालली. 'आई कुठे काय करते' स्टार प्रवाहवर डिसेंबर २०१९ ते नोव्हेंबर २०२४. ही दुसरी मूळची बंगाली, 'श्रीमोयी'. तिचीच हिंदीत 'अनुपमा' झाली, तमिळमध्ये 'बाकियलक्ष्मी', मल्याळममध्ये 'कुडुंबविळक्कु', तेलुगूत 'इंटिंटि गृहलक्ष्मी'. म्हणजे नवऱ्याचं बाहेर प्रकरण आणि त्यातून उभी राहणारी मध्यमवयीन बायको ही एकच गोष्ट अर्धा देश साधारण एकाच काळात बघत होता.

आता मला सांगा, यातल्या कुठल्या मालिकेत लफडं करणाऱ्याचं भलं झालं? 'माझ्या नवऱ्याची बायको'तला नवरा गुरुनाथ, त्याची पार फजिती झाली. 'आई कुठे काय करते'तल्या नवऱ्याच्या, अनिरुद्धच्या वाट्याला चिडचिड आणि पस्तावा आला. व्यभिचाराची जाहिरात करायची असती तर कुणी अशी केली नसती. त्यामुळे 'मालिका बघून लोक बाहेरख्याली होतात' हे मला पटत नाही.

मला खटकतं ते वेगळं आहे. या मालिका दोष कुणाच्या माथी मारायचा ते शिकवतात. गुरुनाथ बावळट, घसरलेला, पण शेवटी 'आपला'. त्याची प्रेयसी शनाया मात्र लोभी, आळशी, कपड्यांवर पैसे उडवणारी, चहासुद्धा न येणारी. चार-साडेचार वर्षं भांडण दोन बायकांचं आणि नवरा मधल्यामध्ये बक्षीस. लग्नाची शपथ मोडली कुणी? शनायाने तर त्याच्या बायकोशी, राधिकाशी, लग्न केलं नव्हतं.

आणि दुसरं म्हणजे सहानुभूतीची अट. बायकोवर अन्याय झाला हे प्रेक्षकांना पटायला ती पहाटे उठणारी, सगळ्यांचे डबे भरणारी, सासऱ्यांच्या गोळ्या लक्षात ठेवणारीच लागते. उद्या एखादी भांडखोर, स्वयंपाकाचा कंटाळा असलेली, नवऱ्याला टाकून बोलणारी बाई दाखवली आणि तिचा नवरा बाहेर गेला, तर आपल्याच घरातले म्हणतील, 'जाईल नाहीतर काय करेल बिचारा!' फसवणूक तीच, पण न्याय फक्त आदर्श गृहिणीला. कुटुंबमूल्यांचा धडा म्हणायचा तर तो हा आहे, आणि रोज रात्री मुकाट गिळला जातोय.

तुम्हाला काय वाटतं?

सांगलीचा बाबू

तिरफळताई, लिहिलंय छान, पण तुम्ही फक्त शेवट बघताय. शेवटी फजिती झाली म्हणे! अहो, शेवट यायला साडेचार वर्षं लागली. तोवर रोज जेवताना काय बघितलं? नवरा बायकोला मीटिंग आहे म्हणून सांगतो आणि तिकडे जातो. खोटं कसं बोलायचं, फोन कसा लपवायचा, मित्राला कसं मध्ये घ्यायचं. माझा धाकटा तेव्हा चौथीत होता. मला ऑफिसला उशीर झाला की विचारायचा, 'बाबा, तुमची पण शनाया आहे का?' घरात सगळे हसले. मी नाही हसलो.

लोक बघून लगेच लफडी करायला धावत नाहीत, मान्य. पण जी गोष्ट कुजबुजत बोलायची ती ताटावर बोलायची झाली. लाज गेली की बाकीचं जायला वेळ लागत नाही.

रिकामटेकडा

बाबूशेठ, पोराला काय उत्तर दिलंत ते लिहिलंच नाहीत. :))

खारी बिस्कीट

माझ्या वयाचं कुणीही या मालिका बघत नाही, आई बघते म्हणून कानावर पडतात तेवढ्याच. पण तिरफळचा मुद्दा बरोबर आहे हे मला कोरियन मालिका बघून कळलं. 'द वर्ल्ड ऑफ द मॅरीड' (२०२०) ही बीबीसीच्या 'डॉक्टर फॉस्टर'वरून केलेली. आपल्याकडे हिंदीत 'आउट ऑफ लव्ह' आली २०१९ ला, रसिका दुगलची, तीही त्यावरूनच. त्यातली बायको डॉक्टर आहे, हुशार आहे आणि अजिबात सोशिक नाही. सूड घ्यायला जाते, खोटं बोलते, मुलाची फरफट होते तरी थांबत नाही. बघताना तिचा रागही येतो. आणि तरीही नवऱ्याने केलं ते चूकच वाटत राहतं. मराठीत असं का होत नाही? बायको चुकीची वागली की लगेच नवऱ्याचा गुन्हा हलका कसा होतो?

बाय द वे, कोरियात २०१५ पर्यंत व्यभिचार हा नवरा-बायको दोघांसाठीही फौजदारी गुन्हा होता. तिकडच्या घटनात्मक न्यायालयाने तो रद्द केला. पाच वर्षांनी ही मालिका आली आणि शेवटच्या भागाचं रेटिंग २८ टक्क्यांच्या वर गेलं, केबल वाहिनीसाठी तो तेव्हा विक्रम होता. कायदा गेला म्हणून लोकांची चीड गेली असं काही दिसत नाही.

वकीलकाकू

वाचत होते, पण आता राहवत नाही. कुटुंब न्यायालयात वर्षानुवर्षं काम करते, त्यामुळे माझी तक्रार या दोन्ही बाजूंपेक्षा वेगळी आहे.

मालिकेत लफडं उघडकीला आलं की पुढचा प्रसंग ठरलेला असतो. बायको मंगळसूत्राला हात लावते, मागे संगीत वाजतं आणि ती एक बॅग भरून उंबरठा ओलांडते. सासू रडते, मुलं थांबवतात, ती मागे वळून बघत नाही. स्वाभिमान! लाखो घरांत टाळ्या.

माझ्यासमोर येणाऱ्या कितीतरी बायका हेच करून आलेल्या असतात. बॅग घेऊन माहेरी. दागिने सासूच्या लॉकरमध्ये, मुलांची कागदपत्रं कपाटात, बँकेचं पासबुक नवऱ्याकडे, स्वतःचं आधारकार्डसुद्धा तिकडेच. वर म्हणतात, 'मॅडम, मला त्याचं काहीही नको, फक्त सुटका हवी.' हे वाक्य ऐकलं की मला मालिका लिहिणाऱ्यांना कोर्टात बोलवावंसं वाटतं. काही नको म्हणणारी बाई दोन वर्षांनी मुलाच्या फीसाठी भावाच्या तोंडाकडे बघत असते.

कायदा काय म्हणतो ते ऐका. कौटुंबिक हिंसाचार कायदा २००५ चा आहे. त्याच्या कलम १७ नुसार बायकोला सामाईक घरात, म्हणजे नवऱ्याबरोबर संसार करते त्या घरात, राहण्याचा हक्क आहे, घर तिच्या नावावर असो वा नसो. कायद्याने ठरवलेल्या प्रक्रियेशिवाय तिला बाहेर काढता येत नाही. २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सतीशचंदर आहुजा प्रकरणात सांगितलं की घर सासऱ्यांच्या मालकीचं असलं तरी ते सामाईक घर ठरू शकतं. स्त्रीधन तिचंच. पोटगी तिचा आणि मुलांचा हक्क, भीक नव्हे. आणि मालिका शिकवते की पैसा मागणारी ती लोभी, म्हणजे शनाया, आणि सगळं सोडणारी ती थोर, म्हणजे राधिका. राधिकाला पुढे मसाल्याचा धंदा करून ३०० कोटी मिळतात. माझ्या अशिलांना मिळत नाहीत.

तिरफळ, तुझा दोषाचा मुद्दा खरा आहे, पण मला त्याहून मोठा घोटाळा हा वाटतो. नवऱ्याला जबाबदार धरायचं म्हणजे त्याच्या कानाखाली मारायची असं दाखवतात. त्याच्या पगाराला हात लावायचा असं कुणी दाखवत नाही.

रिकामटेकडा

काकू, पण आता व्यभिचार कायदेशीर झालाय ना? २०१८ ला कोर्टानेच सांगितलं. मग नवऱ्याला काय धरणार?

वकीलकाकू

हाही फॉरवर्डवाला गैरसमज. २७ सप्टेंबर २०१८ ला पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने भारतीय दंड विधानाचं कलम ४९७ रद्द केलं, म्हणजे आता त्यासाठी तुरुंग नाही, एवढंच. घटस्फोटाला ते कारण आजही आहे, हिंदू विवाह कायद्याच्या कलम १३ मध्ये. आणि पहिलं लग्न कायम असताना दुसरं केलं तर तो आजही गुन्हा आहे.

मुळात ते जुनं ४९७ काय होतं ते माहीत आहे का? १८६० चं कलम. शिक्षा फक्त परपुरुषाला, तक्रार करायचा हक्क फक्त त्या बाईच्या नवऱ्याला. ज्या बायकोला नवऱ्याने फसवलं तिला त्या कलमाखाली तक्रारच करता येत नव्हती. आणि नवऱ्याची संमती असेल तर गुन्हाच होत नव्हता! बायको म्हणजे नवऱ्याची मालमत्ता, तिच्यात दुसऱ्याने घुसखोरी केली, असा सगळा मामला. १९८५ मध्ये यशवंतराव चंद्रचूड सरन्यायाधीश असताना हे कलम वैध ठरवलं गेलं होतं, आणि २०१८ च्या घटनापीठात त्यांचे चिरंजीव धनंजय चंद्रचूड होते, ज्यांनी ते मोडीत काढलं.

म्हणजे राधिका २०१६ मध्ये पोलिसात गेली असती तरी त्या कलमाचा तिला शून्य उपयोग होता. आणि असमानता अजून पुरती गेलेली नाही. बायको व्यभिचारात राहत असल्याचं सिद्ध झालं तर तिची फौजदारी कायद्याखालची पोटगी जाते. नवऱ्याचं असं काय जातं, सांगा.

वऱ्हाडी ठेचा

आधी मले त्या राधिकाच्या बोलीवर दोन शब्द बोलू द्या. नागपूरची म्हणून दाखवली नं, पण आमच्याकडं असं कोणी बोलत नाही बाप्पा. प्रत्येक वाक्यात 'नं' टाकला म्हंजे वऱ्हाडी होत नाही. असो. पण आपल्या भागातली बाई मुंबईच्या टीव्हीवर मुख्य भूमिकेत, विनोदाला नोकरीण म्हणून नाही, हे पाहून आमच्याकडच्या बायका हरखून गेल्या होत्या हेही खरं.

आता मुद्दा. बाबूभाऊ म्हणतात लाज गेली. माझ्या नात्यातल्या एका मावशीचं सांगतो. काकांचं दुसऱ्या गावी दुसरं बिऱ्हाड होतं. सगळ्या गावाले ठाऊक. मावशीनं आयुष्यात त्यावर एक अक्षर काढलं नाही, ना माहेरी, ना पोरांपाशी. मालिका सुरू झाली अन् मावशी रोज रात्री आठ वाजता काकांच्या समोर बसून गुरुनाथले शिव्या द्यायला लागली. अशा शिव्या, का सांगू! 'घरी लक्ष्मीसारखी बाई असून उकिरडे फुंकतो मेला.' काका पेपर तोंडासमोर धरून. पहिले काही दिवस बसले, मग त्या वेळेस पान खायले चौकात जाऊ लागले. लेकीनं विचारलं तर मावशी म्हणते, 'मी तर टीव्हीतल्याले बोलते.'

तीस-पस्तीस वर्षांत जे बोलता आलं नाही ते तिनं गुरुनाथच्या नावावर बोलून घेतलं. ही लाज गेली असेल तर जाऊ द्या म्हणतो मी.

निमूट

ठेचा, +१. हा प्रतिसाद आवडला.

मडगांवचो

इथे मी थोडा अभ्यासाचा भाग टाकतो, कारण त्यात आमचं गोंय आहे. रॉबर्ट जेन्सन आणि एमिली ऑस्टर या दोन अर्थशास्त्रज्ञांचा निबंध २००९ मध्ये आला. त्यांनी २००१ ते २००३ या काळात बिहार, हरियाणा, तमिळनाडू, दिल्ली आणि गोवा इथल्या १८० गावांत पाहणी केली. मधल्या काळात त्यातल्या काही गावांत पहिल्यांदाच केबल आली. मग ज्या गावांत आली आणि ज्यांत नव्हती त्यांची तुलना.

तो काळ आठवा. 'क्योंकि सास भी कभी बहू थी' ही हिंदी मालिका जोरात होती. नायिका तुळशीचा नवरा मिहीर आणि मंदिरा यांचं प्रकरण, तुळशीचे अश्रू, आमच्या वाड्यावर संध्याकाळची आरती आटोपती घ्यायचे. संस्कृती बुडाली म्हणून तेव्हाही ओरड होतीच. आणि त्या पाहणीत काय निघालं? केबल आलेल्या गावांत 'नवऱ्याने बायकोला मारणं योग्य आहे' म्हणणाऱ्या बायका कमी झाल्या, मुलगाच हवा हा हट्ट कमी झाला, घरातल्या निर्णयात बायकांचा शब्द थोडा वाढला, जन्मदरही घटला.

साडी नेसून, टिकली लावून, कट-कारस्थानं करणाऱ्या त्या सासवा-सुनांमधून हे आलं! मालिकेत धडा वेगळाच चालू होता. लोकांनी बघितलं ते शहरातलं घर, फोनवर स्वतः बोलणारी, एकटी बाहेर जाणारी, पैशांचे व्यवहार करणारी बाई.

निमूट

मडगांवचो, निबंध माहीत आहे, चांगला आहे, पण दोन सावधगिरीचे शब्द. एक, तो सगळ्या केबलबद्दल आहे, व्यभिचाराच्या मालिकांबद्दल नाही. त्यात बातम्या, जाहिराती, सिनेमे सगळं आलं. दोन, लोक पाहणीत काय उत्तर देतात आणि घरात काय करतात यात अंतर असतं. टीव्ही बघून 'योग्य उत्तर' कोणतं ते कळतं, एवढंही असू शकतं. लेखकांनी स्वतः त्याची चर्चा केली आहे.

तरी योग्य उत्तर कळणं ही छोटी गोष्ट नाही. आपल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात बायकांना विचारतात की नवऱ्याने बायकोला मारणं कुठल्या कारणांनी रास्त वाटतं: जेवण नीट केलं नाही, न सांगता बाहेर गेली, सासू-सासऱ्यांचा मान ठेवला नाही, आणि नवऱ्याला तिच्या चारित्र्याचा संशय आहे. हे शेवटचं कारण बघा. संशय नवऱ्याचा, पुराव्याची गरज नाही आणि मार तिला. 'नवऱ्याच्या चारित्र्याचा संशय आला तर बायकोने काय करावं' हा प्रश्न त्या यादीत नाहीच.

मालिका आणि घटस्फोट यांचा थेट अभ्यास हवा असेल तर ब्राझीलचा आहे, आल्बर्तो चाँग आणि एलियाना ला फेरारा यांचा, तोही २००९ चाच. तिथे ग्लोबो वाहिनीच्या मालिका म्हणजे राष्ट्रीय वेड. त्यांत परपुरुष, परस्त्री, एकट्या राहणाऱ्या नायिका भरपूर. ग्लोबोचं प्रक्षेपण देशात टप्प्याटप्प्याने पसरलं, त्यामुळे तुलना करता आली. जिथे सिग्नल पोहोचला तिथे विभक्त आणि घटस्फोटित बायकांचं प्रमाण थोडं वाढलेलं दिसलं, आणि लहान गावांत जास्त. ब्राझीलमध्ये घटस्फोटाचा कायदाच मुळी १९७७ मध्ये झाला.

बाबूसाहेब म्हणतील, बघा, मोडले संसार! पण त्या आकड्यातून हे कळत नाही की मालिकेने चांगले संसार मोडले, की आधीच मोडलेल्या संसारातून बायकांना बाहेर पडायची हिंमत दिली.

सांगलीचा बाबू

निमूटराव, तुम्हीच माझ्या वतीने बोलून तुम्हीच खोडलंत, मला काही कामच ठेवलं नाही. :) पण आकडा वाढला हे तर खरं ना? मग मालिकेचा परिणाम होत नाही हे धाग्यातलं म्हणणं गेलं.

तिरफळ

बाबूदादा, परिणाम होत नाही असं मी म्हटलंच नाही. लफडं करायला शिकवत नाहीत, एवढंच म्हटलं. बाकी परिणाम आहेच, म्हणून तर चिडून धागा काढला.

आणि तुमच्या मुलाच्या प्रश्नाबद्दल सांगू का? चौथीतल्या पोराला बाप उशिरा का येतो हे विचारावंसं वाटलं आणि त्यासाठी शब्द मिळाला, यात मला फार वाईट काही दिसत नाही. रागावू नका.

पडद्यामागचा

मी संवाद लिहितो. कुठल्या मालिकेचे ते विचारू नका, पोट त्यावर आहे. तुमची चर्चा ऐकून थोडं हसू येतं, कारण तुम्ही ज्याला मूल्यं म्हणताय त्यातलं बरंचसं निर्मितीच्या सोयीतून येतं.

पहिली गोष्ट, घरात टीव्ही एक. संध्याकाळी सासू, सून, नवरा, पोरं एकाच खोलीत. सगळ्यांना एकाच वेळी, एकमेकांकडे न बघता, राग काढता येईल असं पात्र लागतं. नवऱ्याला खरोखर नीच केला तर त्या खोलीतला पुरुष अस्वस्थ होतो आणि रिमोट घेतो. सासूला मुलाची बाजू घ्यावीशी वाटते. बाहेरच्या बाईला खोलीत कुणीच नातेवाईक नसतो. म्हणून शिव्या तिला. बंगाली 'श्रीमोयी'त तर जून आंटी, म्हणजे त्यातली बाहेरची बाई, नायिकेइतकीच गाजली, मीममध्ये तिच्याहून जास्त.

दुसरी गोष्ट, नवऱ्याला अक्कल आली की गोष्ट संपली, आणि त्याला घराबाहेर काढलं तरी संपली. गुरुवारी रेटिंग येतं. ते चढतं असेल तर वाहिनी सांगते, ताणा. मग तो धड सुधारत नाही, धड जातही नाही.

तिसरी ऐकून वकीलकाकूंना झीट येईल. घटस्फोट झाल्यावरही सगळे एकाच बंगल्यात किंवा समोरासमोर का राहतात? बंगल्याचा सेट उभा करायला खर्च झालेला असतो आणि रोज एक भाग बाहेर पाठवायचा असतो. ठाण्याच्या घोडबंदर रोडच्या पावसात बाहेरचं चित्रीकरण परवडत नाही. नायिका भाड्याच्या खोलीत गेली की तो दुसरा सेट, दुसरी प्रकाशयोजना, दुसरा दिवस. म्हणून ती 'मुलांसाठी' परत येते. तुम्हाला तो त्याग वाटतो.

वकीलकाकू

झीट नाही आली, उलट बरंच काही उलगडलं. मग पडद्यामागच्या दादा, एक फुकटची कल्पना देते. नायिकेने घर सोडायचंच नाही. त्यानेच जायचं. सेट एकच राहील, पैसे वाचतील, आणि कायद्यालाही धरून होईल.

पडद्यामागचा

काकू, खरंच मांडून बघतो. वाहिनीवाले विचारतील, मग रडायचं कधी?

एडिसनवासी

आमच्या इथल्या, अमेरिकेतल्या एडिसनच्या, महाराष्ट्र मंडळातलं निरीक्षण. अर्ध्या आज्या सहा महिने इथे, सहा महिने पुण्यात, आणि मालिका दोन्हीकडे चालू. मालिकेत राधिकाचं सौमित्रशी दुसरं लग्न झालं तेव्हा आमच्याकडे एका काकूंनी शिरा केला होता, खरंच. 'बाई, सुटली एकदाची, चांगला माणूस मिळाला.' त्याच काकू मुलासाठी स्थळं बघत होत्या. विवाहसंस्थेच्या फॉर्मवर 'घटस्फोटित चालेल का' या रकान्यात ठसठशीत 'नाही'. मी विचारलं, तर म्हणाल्या, 'अगं, ती गोष्ट वेगळी.'

त्यामुळे मला वाटतं तुम्ही सगळे मालिकेला जरा जास्तच ताकद देताय. लोक पडद्यावर एका कायद्याने वागतात आणि घरात दुसऱ्या.

तिरफळ

एडिसनवासी, हे फारच ओळखीचं आहे, आणि त्यातही एक पायरी आहे बघ. राधिका तरुण, तिला दुसरं लग्न माफ. 'आई कुठे काय करते'तली अनिरुद्धची बायको अरुंधती, तिच्या आयुष्यात आशुतोष आला तेव्हा आमच्या मजल्यावरच्या ज्या बायका तिच्यासाठी डोळे पुसत होत्या त्याच म्हणाल्या, 'या वयात? मुलांची लग्नं झाल्यावर?' अनिरुद्धने त्याच वयात बाहेरच्या संजनाशी लग्न केलं तेव्हा त्याचं वय कुणी काढलं नव्हतं. नालायक म्हटलं, म्हातारा नाही म्हटलं.

पण तरी मालिकेने ते लग्न लावलं आणि बायकांनी नाक मुरडत का होईना पाहिलं. त्यातले आप्पा मला विशेष वाटतात. सासरा सुनेच्या बाजूने मुलासमोर उभा राहतो हे मराठी घरांत रोज दिसत राहिलं. 'आमच्याकडे आप्पा नाहीत' असं सुना बोलू लागल्या, निदान चेष्टेत.

सांगलीचा बाबू

आता माझा एक साधा प्रश्न. सगळीकडे नवराच का बाहेर जातो? बायकोचं प्रकरण असलेली मालिका का नाही? बायका काय सगळ्या देवता आहेत?

निमूट

होती की. 'हसरतें', झी टीव्ही, नव्वदच्या दशकाचा मध्य. नवरा सोडून विवाहित पुरुषाबरोबर राहणारी सावी, शेफाली शहाने केलेली. आणि मूळ कादंबरी मराठी, जयवंत दळवींची 'अधांतरी'. म्हणजे जी बाई आज मराठी वाहिनीवर नायिका होऊ शकत नाही ती दळवींनी कधीच लिहून ठेवली होती आणि हिंदीवाल्यांनी ती आठवड्याच्या मालिकेत आणली. त्यानंतर स्टार प्लसवर नीना गुप्तांची 'सांस' आली. त्यात नवराच बाहेर जातो, पण दुसरी बाई मनीषा राक्षसीण नाही. तिचंही काही म्हणणं आहे, तिलाही काही मिळत नाही. त्या मालिका आठवड्यातून एकदा यायच्या. मधल्या दिवसांत माणूस विचार करू शकत होता. रोजच्या भागाला रोज एक खलनायक लागतो.

पडद्यामागचा

बाबूसाहेब, बायकोच्या प्रकरणाची कल्पना मी दोनदा मांडून बघितली आहे. पहिल्यांदा विचारलं, नवरा मारहाण करणारा दाखवू या का, म्हणजे तिला कारण मिळेल? दुसऱ्यांदा म्हणाले, तो कोमात असू दे. नवरा ठीकठाक आहे आणि तरी ती दुसऱ्याच्या प्रेमात पडली, हे चालत नाही. गुरुनाथला मात्र कुठलंच कारण लागलं नव्हतं.

खारी बिस्कीट

कोमात!!! हे धाग्याचं शीर्षक करा कुणीतरी.

नवी_सदस्या२४

पहिल्यांदाच लिहिते आहे. वकीलकाकूंचा प्रतिसाद वाचून खाते उघडले. माझ्या धाकट्या बहिणीने असेच घर सोडले आहे, गणपतीत. नवऱ्याचे ऑफिसमधल्या एकीशी आहे, मेसेज सापडले. तिने बॅग भरली आणि आमच्याकडे आली. 'त्याच्या घरात पाणीसुद्धा पिणार नाही' म्हणते. आईला तिचा अभिमान वाटतो, सगळ्यांना सांगते की माझी मुलगी अरुंधतीसारखी आहे. घर सासऱ्यांच्या नावावर आहे. दागिने तिथेच. मुलगी पाच वर्षांची, तिच्याजवळ आहे. आता तिचा हक्क गेला का? की अजून काही करता येईल?

वकीलकाकू

हक्क गेलेला नाही. कायद्यात 'राहते किंवा कधीही राहिलेली' असा उल्लेख आहे, त्यामुळे घर सोडलं म्हणून दार बंद होत नाही. पण वेळ घालवू नका.

मेसेजचे फोटो तिच्या फोनमध्ये असतील तर दुसरीकडे प्रत काढून ठेवा, फोन बदलू नका, काही पुसू नका. दागिन्यांच्या पावत्या माहेरी असतील त्या शोधा, नसतील तर लग्नातले फोटो काढून ठेवा, ज्यात दागिने दिसतात. मुलीचा जन्मदाखला नसेल तर महापालिकेतून किंवा ग्रामपंचायतीतून नव्याने मिळतो, त्यासाठी सासरी जायची गरज नाही. नवऱ्याची पगाराची स्लिप किंवा कंपनीचं नाव, पद, जे माहीत असेल ते लिहून काढा. त्याच्याकडून येणाऱ्या कुठल्याही कागदावर 'काही नको' म्हणून सही करायची नाही, परस्परसंमतीने घटस्फोटाचा अर्ज म्हणून समोर ठेवला तरीसुद्धा, वकिलाला दाखवल्याशिवाय नाही.

वकिलाचे पैसे नसतील तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात जा, ते जिल्हा न्यायालयाच्या आवारातच असतं. महिलांना तिथे मोफत वकील मिळतो, उत्पन्नाची अट नाही. कौटुंबिक हिंसाचार कायद्याखाली अर्ज करायला संरक्षण अधिकारी मदत करतात. राहण्याचा आदेश, मुलीचा खर्च, दागिने परत, हे सगळं त्या एकाच अर्जात मागता येतं. तिला परत तिथे राहायचं नसेल तर दुसरीकडच्या भाड्याचीही मागणी करता येते.

आईंना अभिमान वाटू दे, त्याला माझी हरकत नाही. बहीण कुठल्या जिल्ह्यात आहे ते मला व्यक्तिगत निरोपात कळवा, इथे उघड लिहू नका.